म्हातारीचा बूट

आमच्या वयाच्या बायकांच्या माहेरच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. काळा-पांढरा, कडा नागमोडी कापलेल्या. मागे एक अवाढव्य बूट, पुढे उन्हानं डोळे बारीक करून ओळीनं उभी असलेली मुलं आणि मध्ये डोक्यावरून पदर घेतलेली आज्जी. फोटो कुठल्या साली काढला यावर घरात दोन तट पडतात. कुठं काढला हे मात्र कुणी विचारत नाही. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, दुसरं काय!

मैत्रिणींनो, पाककृती आणि पर्वांबद्दल मी नेहमी लिहिते. आज या बुटाबद्दल लिहावंसं वाटलं, कारण त्याचा इतिहास शोधू लागले तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढले, पण तो तिथं आला कसा हे आमच्या घरात एकालाही सांगता येत नव्हतं.

सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. मुंबईला नळाचं पाणी आलं ते १८६० साली, विहार तलावाचं. त्याआधी शहर विहिरी आणि टाक्यांवर जगत होतं. पुढं १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. तलावातून आलेलं पाणी दक्षिण मुंबईत उतारानं पोहोचायचं तर ते आधी उंचावर साठवायला हवं, म्हणून १८८० च्या दशकात मलबार हिलच्या माथ्यावर मोठा जलाशय बांधला गेला. त्याच्यावर छत घातलं, छतावर माती पसरली आणि मातीत बाग लावली. हेच हँगिंग गार्डन. नाव ऐकून बाहेरगावचा माणूस वर लटकणाऱ्या वेली शोधतो, पण तसं तिथं काही नाही. बाग पाण्याच्या डोक्यावर आहे, एवढाच त्या 'हँगिंग'चा अर्थ. शेजारी पारशी समाजाची डुंगरवाडी आहे, तिथल्या पक्ष्यांपासून पाणी सुरक्षित राहावं म्हणून टाकी झाकली, असंही लोक सांगतात. बागेला नाव फिरोजशहा मेहतांचं, आणि ते योग्यच आहे. मुंबईच्या नगरपालिकेचा कारभार ज्यांनी वळणावर आणला त्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीतलं.

या टाकीत आज १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावतं. कुलाबा, फोर्ट, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, सगळीकडं इथूनच पाणी जातं. आमच्या गिरगावच्या चाळीतला पहाटेचा नळ म्हणजे याच टेकडीवरून उतरलेलं पाणी. हे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आज्जीला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती बागेतल्या पायवाटेवर मध्येच थबकली होती. आज्जी शिरोळकडची. सकाळ-संध्याकाळ दुहेरी कापडातून पाणी गाळल्याशिवाय घोटभर न पिणारी. तिनं पायाखाली पाहिलं आणि विचारलं, "एवढं पाणी गाळतं कोण रे?" अण्णा म्हणाले, "म्युनिसिपालटी." आज्जीचा काही विश्वास बसला नाही. फिरकीच्या तांब्यातलं घरून आणलेलं पाणीच ती दिवसभर प्यायली.

आता रस्त्याच्या पलीकडं येऊ. हँगिंग गार्डनसमोरचं कमला नेहरू पार्क १९५२ सालचं, साधारण चार एकरांचं. कमला नेहरू १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं क्षयानं गेल्या, तेव्हा त्यांचं वय अवघं ३६ होतं. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी मुलांच्या बागेला त्यांचं नाव दिलं गेलं. आज त्या नावाचं आपल्याला काही वाटत नाही, पण त्या काळी बागांना आणि रस्त्यांना बहुतेक गव्हर्नरांची आणि लाटसाहेबांची नावं असायची. त्या मानानं हे नवीनच होतं.

आणि या बागेत बूट. इंग्रजी शाळेतल्या मुलांना एक बालगीत शिकवतात, बुटात राहणाऱ्या म्हातारीचं, तिला इतकी पोरं की काय करावं ते तिला सुचत नाही. त्या गीतावरून हा बूट उभारला. सिमेंट-काँक्रीटचा, आत जिना, वर खिडक्या, मुलं आतून चढून वरून डोकावतील असा. त्याची रचना केली सोली आर्सीवाला यांनी. हे नाव वाचून मी चकित झाले, कारण आर्सीवाला कुणी चित्रकार किंवा खेळण्यांचे कारागीर नव्हते. ते पर्यावरण अभियंते, म्हणजे सांडपाणी आणि मलनिस्सारण हा त्यांचा विषय. पुढं ते नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेचे संचालक झाले. सांडपाण्याच्या शुद्धीकरणावरची त्यांची पुस्तकं अभियांत्रिकीच्या मुलांना आजही वाचावी लागतात. गटारांचा हिशेब मांडणाऱ्या माणसानं मुलांसाठी एक बूट काढला आणि मुंबईत सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेलं त्याचं काम तेच ठरलं! त्यांच्या शुद्धीकरणाच्या यंत्रणांपुढं उभं राहून कुणी फोटो काढत नाही, गरज मात्र त्यांचीच जास्त, हेही खरं.

आम्हा मराठी शाळेतल्या मुलांना ते इंग्रजी गीत ठाऊकच नव्हतं. आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या वेगळ्या होत्या. एक लेकीकडून भोपळ्यात बसून परत येणारी. एक रुईच्या बोंडातून उडणारी, जिला धरून फुंकर मारायची. एक जत्रेतली, जिचे गुलाबी केस काडीवर गुंडाळून मिळायचे. त्यात ही चौथी, जिचा फक्त बूट होता आणि ती स्वतः कुठंच नव्हती. आम्ही वर चढून तिला शोधायचो. धाकट्या भावानं एकदा ठरवूनच टाकलं की म्हातारी दुसरा बूट आणायला गेली आहे.

गीताचा अर्थ आम्हाला कळला तो चाळीतल्या एका मुलीकडून. ती कॉन्व्हेंटमध्ये जायची. तिनं गॅलरीत बसून सगळं मराठीत सांगितलं: म्हातारीकडं भाकरी नाही, नुसतं पाणीदार सूप, ते पाजून सगळ्या पोरांना फटके देऊन ती झोपवते. आम्हाला फार राग आला. आई तिथंच तांदूळ निवडत होती. आमची खोली दहा बाय बाराची. आम्ही पाच भावंडं, आई-अण्णा, आज्जी आणि शिकायला ठेवलेला एक चुलतभाऊ. रात्री अंथरुणं घातली की दाराची कडी काढायला कुणाला तरी उठवावं लागे. आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, "वाईट नसेल गं ती. दमली असेल." त्या वेळी मला ते पटलं नव्हतं.

पुढं कॉलेजात कॉमर्सला अर्थशास्त्र शिकताना गिरणगाव-गिरगावातल्या गर्दीचे आकडे वाचले, तेव्हा मला तो बूट आठवायचा. एका खोलीत आठ-नऊ माणसं, हे चाळीत अपवाद नव्हे, रीत होती. ज्या शहरातली निम्मी घरं बुटाएवढी, त्या शहरानं मुलांना खेळायला बूटच बांधून दिला. यात कुणाची थट्टा होती असं मी म्हणत नाही. पण आमच्यासारखी मुलं त्या बुटात शिरताना अजिबात बिचकत नसत, दाटीवाटीनं जिना चढायची आम्हाला सवय होती, हे मात्र खरं.

इथं थोडं जगाकडं पाहते. असा बूट एकट्या मुंबईतच होता असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरी १९५० मध्ये 'चिल्ड्रन्स फेअरीलँड' नावाची बाग उघडली. तिचं प्रवेशद्वारच म्हातारीचा बूट आहे. दार मुलांच्या मापाचं, मोठ्या माणसाला वाकून जावं लागतं. तिथला एक नियम मला फार आवडला: सोबत मूल नसेल तर मोठ्यांना आत सोडत नाहीत. हॉलंडमध्ये एफ्टेलिंगचं परीकथांचं वन १९५२ चं, म्हणजे आपल्या कमला नेहरू पार्कच्याच वर्षीचं. डिस्नेलँड त्यानंतर, १९५५ मध्ये. आणि आपल्या पुण्याची पेशवे पार्कातली फुलराणी धावायला लागली ती एप्रिल १९५६ मध्ये. महायुद्ध संपलं होतं, घरोघरी मुलं वाढत होती, आणि सगळ्या देशांतल्या मोठ्या माणसांना एकाच सुमारास गोष्टींतली घरं खरीखुरी बांधून द्यावीशी वाटली. यात कुणी कुणाचं पाहून केलं ते जाऊ द्या. पण डिस्नेलँडच्या आधी तीन वर्षं आपल्याकडं गोष्टींची बाग होती, आणि तीही बिनतिकिटाची, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

बिनतिकिटाची, हा शब्द महत्त्वाचा. अण्णा भुलेश्वरच्या एका पेढीवर कारकून होते. उन्हाळ्यात गावाकडून पाहुणे यायचे. मिरजेहून गाडीनं यायचे, दहा-बारा दिवस राहायचे. त्यांना मुंबई दाखवायची हे अण्णांचं कर्तव्य आणि त्यांची वही काटेकोर. राणीचा बाग, गेटवे, तारापोरवाला मत्स्यालय (आज्जी तिथं बाहेर थांबायची, काचेत कोंडलेले जीव पाहायला तिचा नकार असे), आणि शेवटी मलबार हिल. मलबार हिलच्या दिवशी वहीत खर्चाच्या बाजूला फक्त बसचं भाडं असे. कधी तेही नसे. चौपाटीवरून सीरी रोडनं चढत गेलं की पायीच पोहोचता येतं. सीरी म्हणजे शिडी. वाळकेश्वरला जाणारे यात्रेकरू पूर्वी याच चढानं जात, असं सांगतात.

वाळकेश्वरला आधी आदिनाथांचं दर्शन. आमच्या गावाकडं 'बस्ती' म्हणतात, इथं 'देरासर'. दारातले दोन दगडी हत्ती मुलांना आवडायचे, आम्ही त्यांच्या सोंडेशी उभं राहून उंची मोजायचो. मग रिज रोडनं वर पार्कात. आज्जी एकदा म्हणाली होती, "सकाळी देवाच्या दारात चपला बाहेर काढायला लावता नि संध्याकाळी बुटाच्या पोटात घुसायला नेता!" पण आधी तिनं विचारून घेतलं होतं, चामड्याचा नाही ना? सिमेंटचा आहे म्हटल्यावर तीही फोटोला उभी राहिली.

आमच्या घरात सूर्यास्तानंतर जेवण नाही. त्यामुळं पार्कातला आमचा कार्यक्रम घड्याळावर नाही, सूर्यावर चाले. साडेपाचच्या सुमारास हिरवळीवर चादर, डबे उघडायचे: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचा तक्कू, गूळ-तूप. आजूबाजूची कुटुंबं तेव्हा खेळात रंगलेली असायची, आम्ही एकटेच जेवत असायचो. लहानपणी त्याची लाज वाटे. पण त्याचा एक फायदा होता. बाकीची मंडळी अंधार पडताच भेळेच्या गाड्यांकडं वळायची, आणि आमचं सगळं आवरलेलं असल्यानं कठड्यापाशी पुढची जागा आम्हाला मिळायची. खाली चौपाटी, तिथून नरिमन पॉइंटपर्यंत वळत गेलेला मरीन ड्राइव्ह. दिवे लागायला सुरुवात झाली की शेवटच्या दिव्यापर्यंत कुणी बोलायचं नाही, असा आमच्यात नियम होता. राणीचा हार पुरा झाला की निघायचं.

आता बुटात आम्ही काय खेळायचो ते सांगते, कारण हल्लीच्या मुलांना ते खेळणं वाटणारच नाही. बुटात काही फिरत नव्हतं, हलत नव्हतं, वाजत नव्हतं. बटण नव्हतं. हलायचं ते आपणच. आत शिरायचं, अरुंद जिन्यात पुढच्याच्या टाचेवर पाय देत वर जायचं, खिडकीतून तोंड काढायचं आणि खाली उभ्या असलेल्या आईला ओरडून हाक मारायची. आई भलतीकडं बघत असेल तर पुन्हा हाक. तिनं वर पाहून हात केला की काम फत्ते. मग उतरायचं आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभं राहायचं. मागून ढकलाढकली चालूच असे, त्यामुळं खिडकीत प्रत्येकाला काही क्षणच मिळत. मराठी, गुजराती, तमिळ, उर्दू, सगळ्या भाषांत खालून "आता उतर" ऐकू यायचं. टेकडीवरच्या बंगल्यांतली मुलंही आयांबरोबर यायची, पांढरे मोजे घालून. जिन्यात त्यांनाही ढकलूनच वर जावं लागे.

आणि बाकावर बसलेली आई. घरात ती बसलेली मला आठवत नाही. पार्कात मात्र चपला काढून, पाय लांब करून ती बसायची. दोन तास तिच्याकडं कुणी काही मागत नसे. आमच्या त्या फोटोत ती नाही, कारण ती बाकावरून उठायला तयार नव्हती. "तुम्ही काढा," म्हणाली.

१९८४ मध्ये दिल्लीत अप्पू घर झालं, १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड. माझी मुलं त्या काळातली. त्यांना मी दोन्हीकडं नेलं, बुटाकडंही आणि गोराईलाही. खोटं कशाला बोलू, त्यांना गोराईच आवडलं. बोटीनं जायचं, पाळणे, किंकाळ्या, पोटात गोळा. मीही एका पाळण्यात बसले आणि मनापासून ओरडले. फरक जाणवला तो घरी आल्यावर, वही लिहिताना. चौघांची तिकिटं, बोट, आतलं खाणं (बाहेरचा डबा आत न्यायला बंदी, म्हणजे आमच्या पथ्याची पंचाईत), एकूण महिन्याच्या किराण्याच्या जवळपास आकडा गेला. वर्षातून एकदा ठीक. गावाकडच्या पाहुण्यांसह दहा माणसांना दर उन्हाळ्यात नेणं अण्णांच्या पगारात कधीच जमलं नसतं. शिवाय तिकिटावर चालणारी जागा धंद्याच्या नियमानं चालते. जागेचा करार, भांडवल, गर्दी. गणित बसेना झालं की दार बंद. अप्पू घर २००८ मध्ये बंद झालं. तिथं लहानपण गेलेली दिल्लीची माझी एक भाची आजही हळहळते.

बूट कुणाला काही मिळवून देत नव्हता, म्हणून तो बंद पाडावा असंही कुणाच्या मनात येत नव्हतं. असं मला वाटायचं. २०२३ मध्ये मात्र काळजात धस्स झालं. हँगिंग गार्डनखालचा तो जुना जलाशय पाडून नवा बांधायचा, त्यासाठी ३८९ झाडांवर परिणाम होणार आणि बाग काही वर्षं बंद ठेवणार, अशी बातमी आली. बूट रस्त्याच्या पलीकडं आहे हे खरं, पण एकदा टेकडीच्या माथ्यावर यंत्रं चढली की काय राहील आणि काय जाईल, कुणी सांगावं? टेकडीवरच्या रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांनी टाकीत उतरून पाहणी केली, पाडण्याऐवजी दुरुस्तीनं भागेल असं मत पुढं आलं आणि झाडं राहिली.

यावर माझं मत थोडं वेगळं आहे, मैत्रिणींना आवडेल न आवडेल. ज्या टाकीतून लाखो घरांना पाणी जातं ती धोकादायक असती, तर बाग बंद करावीच लागली असती. माझ्या आठवणींपेक्षा काळबादेवीच्या नळाला येणारं पाणी मोठं. पण विचारल्याशिवाय, तपासल्याशिवाय जुनं ते मोडकं असं धरून चालू नये. या वेळी लोकांनी विचारलं म्हणून तपासलं गेलं. मला आणखी एक खटकलं. सगळ्या चर्चेत झाडांची गणती झाली, लिटरांची झाली, खर्चाची झाली. तिथं रविवारी येणाऱ्या लोकांची मोजणी झाल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. मलबार हिलचे रहिवासी बोलले, चांगलं केलं. पण बाग काही फक्त त्यांची नाही. ती कुर्ल्याहून, डोंबिवलीहून, शिरोळहून येणाऱ्यांचीही आहे, आणि त्यांना हरकत नोंदवायला कोण बोलावतं?

मार्च २०२५ मध्ये पार्कच्या मागच्या उतारावर झाडांमधून जाणारा लाकडी मार्ग सुरू झाला, ४८५ मीटर लांबीचा. तो खरोखर सुंदर आहे, पक्षी दिसतात, समुद्र दिसतो. २५ रुपये तिकीट आणि मोबाइलवर आधी नोंदणी. पंचवीस रुपये फार नाहीत हे मी मान्य करते. पण अण्णांच्या वहीतल्या दहा माणसांचे अडीचशे होतात, आणि ज्या आज्जीला मोबाइल चालवता येत नाही तिनं काय करायचं? बूट अजून फुकट आहे.

मधल्या काळात पार्काचं नूतनीकरण झालं, बुटालाही नवा रंग लागला. जुने लोक नाकं मुरडतात, मला काही वावगं वाटलं नाही. सिमेंटला दर काही वर्षांनी हात फिरवावाच लागतो, नाहीतर मुंबईचा पाऊस त्याला खाऊन टाकतो.

मुंबईत येणाऱ्या मैत्रिणींसाठी म्हणून सांगते: सकाळी वाळकेश्वरचं दर्शन करा, दुपारी ऊन फार असतं तेव्हा वर जाऊ नका, चारनंतर जा. पाणी आणि डबा सोबत ठेवा. आधी हँगिंग गार्डन, तिथं झुडपं कापून केलेले हत्ती-बैल मुलांना दाखवा आणि पायाखाली काय आहे तेही सांगा. मग रस्ता ओलांडून पार्कात. सुट्टीच्या दिवशी बुटाच्या दाराशी रांग असते, मुलांना उभं करा आणि तुम्ही खिडकी दिसेल असा बाक पकडा. सूर्यास्ताआधी जेवून घ्या. कठड्याजवळची जागा त्यानंतर मिळते.